पाण्याचे माहेर



धरणाचा इतिहास लिहिताना भिंतीची उंची, खर्चाचा आकडा आणि उद्घाटनाची तारीख एवढे नोंदवून आपण थांबतो. ज्या उतारावरून पाणी त्या भिंतीपर्यंत येते, त्या उताराचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो पाहण्यासाठी मुंबईची मिठी नदी घेऊ. कारण एकाच नदीच्या दोन टोकांना माणसांनी दोन निराळ्या रीतींनी वागवले.

१८५४ साली मुंबईत पाण्याची इतकी ओढ पडली की शहरातील गुरे माहीमकडे हलवावी लागली. तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअराच्या योजनेनुसार साष्टी बेटात, मिठीच्या उगमाशी, बांध घालण्याचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६० साली विहार तलाव पुरा झाला. सरकार मात्र भिंत बांधून थांबले नाही. तलावाकडे उतरणाऱ्या जमिनीवर शेती करण्यास व कारखाना काढण्यास मनाई झाली. हेतू पाणी निर्मळ राहावे एवढाच होता. परंतु त्याचे फळ दूरवर पोचले. पुढे १८७९ साली तुळशी तलाव झाला. या दोन्ही तलावांभोवतीचे रान टिकले आणि आज ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी मुंबई विहार-तुळशीचे पाणी पीत आहे.

त्याच खोऱ्यात शेजारी पवई तलाव १८९१ च्या सुमारास बांधला गेला. त्याच्या पाण्याविषयी पहिल्यापासूनच कुरकुर होती. पुढे काठाने इमारती उठल्या, सांडपाणी आले. ते पाणी आज कोणी पीत नाही. आणखी खाली मिठीचे काठ भराव घालून, सिमेंट ओतून आवळले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याही नदीला जडच गेला असता; पण येथे पाण्याला मुरायला माती नव्हती आणि पसरायला काठ नव्हता.

मातीवर पडलेले पाणी थबकते, गाळले जाते, विहिरीला मिळते. फरसबंदीवर पडलेले पाणी धावते आणि वाटेतील तेल, घाण सोबत नेते. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या नियमांत आपल्या पाणलोटात प्रवाहापासून १०० फूट व जलाशयापासून ३०० फूट अंतरात नव्या पक्क्या पृष्ठभागांवर निर्बंध घातले, ते याच कारणाने.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. ज्ञानगंगेच्या खोऱ्यातील वनाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. वन्य प्राण्यांसाठी राखलेले रान पाण्याचीही राखण करते, हे विहारने दाखवलेच आहे. पण रानाच्या हद्दीबाहेर काय? वऱ्हाडच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. भूजलाचा साठा बहुतांशी वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. मुरमाड उतार आणि नाल्यांचे काठ ही त्या साठ्याची दारे होत. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आत, त्याच पाणलोटात, नवी विहीर खोदण्यास बंदी केली. म्हणजे पाणी उपसणाऱ्या हातावर मर्यादा आली. पाणी आत येण्याचे दार मोकळे ठेवण्याची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते.

विहारच्या इतिहासातून आणखी एक धडा घेतला पाहिजे. मनाई पडली नांगर धरणाऱ्यावर, पाणी गेले शहरातल्या नळाला. असा एकतर्फी न्याय पुन्हा होऊ नये. गल्लीतला चिखल जावा, पावसाळ्यात पोरांनी कोरड्या पायांनी शाळेत जावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि त्यासाठी पक्का रस्ता हवाच. प्रश्न कोठे हवा आणि कोठे नको, एवढाच आहे. ग्रामसभेने पाणवठ्याच्या वरचा मुरमाड उतार व नाल्याचे काठ आखून घ्यावेत, तेथे सिमेंट ओतू नये, आणि ज्याची जमीन त्या रेषेत येईल त्याला गावाने मोबदला द्यावा. गावाच्या पाण्याचे माहेर राखणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे आपल्याला शोभणार नाही.