पाऊस, पडवी आणि जुनं लुगडं

नाशिक जिल्ह्याचे पूर्वापार दोन भाग मानले जातात. पूर्वेकडचा सपाट, कोरडा तो देश आणि सह्याद्रीला खेटून असलेला पश्चिमेचा डोंगराळ पट्टा म्हणजे डांग. १८८३ साली छापलेल्या नाशिकच्या गॅझेटियरमध्येही हीच विभागणी आहे. इगतपुरी या डांगाच्या कडेवर, थळ घाटाच्या माथ्यावर वसलेली. येवला-मालेगावकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी शेतकरी समाधान मानतो. इगतपुरीत तोच आकडा तीन हजारांच्या आसपास जातो आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या पावसावर इथलं भात पिकलं, रानात बांबू आणि कारवी वाढली आणि घरांना पडव्या आल्या. डांगातल्या घरगुती कारागिरीचा इतिहास या पडव्यांमध्येच घडला.

शहरांत आता हाताने वस्तू करण्यासाठी घरात एक कोपरा राखायची हौस रुजते आहे. खिडकीपाशी टेबल, भिंतीला फळ्या, दोरे-मणी-कागदांसाठी डबे, असा त्याचा थाट असतो. डांगातल्या घराला अशी जागा घर बांधतानाच मिळे. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांच्या या मुलुखात घराच्या भिंती म्हणजे कारवीचे कूड. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर माती आणि शेणाचा लेप द्यायचा. छप्पर उतरतं आणि पुढे बरंच खाली आणलेलं, म्हणजे तिरका पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही. या खाली आलेल्या छपराच्या आड जी पट्टी उरते, ती पडवी. उजेड पुरेसा, जमीन सारवलेली, वारा खेळता. कोयता वळचणीला खोचलेला, दोरखंड खुंटीला, तासलेल्या काठ्या आणि कामट्या वर माळ्यावर चुलीच्या धुरात सुकत ठेवलेल्या. धुरामुळे बांबूला कीड कमी लागते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. हत्याराची जागा ठरलेली, मालाची जागा ठरलेली आणि काम संपल्यावर झाडून घेतलं की झालं.

कामाचं वेळापत्रक मात्र पाऊस ठरवत असे. मे महिना संपायच्या आत पावसाची सगळी सामग्री तयार हवी. जळण आत भरून ठेवायचं, छपराची डागडुजी करायची, आणि इरली बांधायची.

इरलं ही काटकसरीच्या कारागिरीतली फार विचारपूर्वक घडलेली वस्तू आहे. बांबूच्या बारीक कामट्यांची जाळी विणायची, तिच्यावर पळसाची किंवा सागाची पानं एकावर एक चढवत रचायची आणि वरून दुसरी जाळी बसवून दोन्ही घट्ट बांधायच्या. तयार होतं ते डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं, वजनाला हलकं कवच. भाताची आवणी वाकून करावी लागते. चिखलात पाय रोवून दोन्ही हातांनी रोपं लावणाऱ्या बाईला छत्री कुचकामाची. इरलं डोक्यावर टेकतं, पाठीवर पसरतं आणि दोन्ही हात मोकळे सोडतं. सगळा माल रानातला, खर्च फक्त वेळेचा. जाळी नीट राहिली तर पुढच्या वर्षी नुसती पानं बदलून तेच इरलं पुन्हा वापरता येतं.

ज्याला जमेल त्याच्याकडे घोंगडीही असे. ती मात्र घरात होत नसे. धनगर आणि सनगर कारागीर मेंढीची लोकर कातून ती मागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करत. खळ दिलेली घोंगडी पावसाचं पाणी बराच वेळ अंगापर्यंत येऊ देत नाही. सुपं, टोपल्या, डाली यांसाठी बुरुड होते. घरात काय करायचं आणि बाजारातून काय घ्यायचं, याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशोबातून ठरलेली होती. ज्याला माग किंवा मुरलेला हात लागतो ते विकत घ्यायचं. ज्याला फक्त सवड आणि संयम लागतो ते घरी करायचं. पत्रावळी आणि द्रोण टाचणं, दोर वळणं, भाताची कणगी शेणमातीने लिंपणं ही सगळी दुसऱ्या प्रकारची कामं. ती म्हाताऱ्या माणसांनाही जमत आणि लहान पोरांनाही.

या व्यवस्थेत मोठा बदल झाला तो रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातला मार्ग १८६५ साली सुरू झाला आणि कसाऱ्याहून ३७ फुटांना एक फूट असा चढ चढून गाड्या इगतपुरीला पोचू लागल्या. घाट चढवायला जादा इंजिनं लागत, त्यामुळे इगतपुरीला रेल्वेची मोठी वसाहत उभी राहिली. त्याआधी काही वर्षं, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली होती. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांचं सुती कापड याच लोहमार्गाने नाशिककडे आणि खानदेशाकडे जाऊ लागलं. मालेगावच्या विणकरांची रंगीत सुती लुगडीही आसपासच्या बाजारांत मिळत. डांगातल्या घरात कापड आलं. मात्र ते पैसे मोजून येत होतं आणि पैसा दुर्मीळ होता. म्हणून आलेला प्रत्येक वार शेवटच्या धाग्यापर्यंत वापरायची शिस्त लागली.

रेल्वेबरोबर आणखी एक वस्तू आली, तागाचं पोतं. घोटी ही भाताची मोठी बाजारपेठ झाली, तिथे भाताच्या गिरण्या आल्या आणि पोत्यांचा वावर वाढला. रिकामं पोतं कोणी टाकत नसे. त्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात दुमडून घातला की डोक्यावरून पाठीवर सोडायची खोळ तयार. ना सुई, ना दोरा. शाळेत जाणारी पोरं, गुरं राखणारे, बाजाराला निघालेले लोक पावसात ही खोळ घेऊन फिरत. फाटलेलं पोतं दारात पाय पुसायला पडे आणि अगदीच जीर्ण झालं की गोठ्यात जाई.

कापडाच्या काटकसरीचं शिखर म्हणजे गोधडी. नऊवारी लुगडं आधी अंगावर विरायचं. विरलेल्या लुगड्याचा धडका भाग निवडून घरात वापरायचं धडपं व्हायचं, आणि उरलेलं गाठोड्यात पडायचं. वर्षभर हे गाठोडं भरत राही. उन्हाळ्यात शेतीची कामं थंडावली की गोधडी घालायला घेत. पडवी झाडून, सारवून कोरडी झाली की एक धड लुगडं खाली अंथरायचं, त्यावर फाटक्या कापडांचे तुकडे एकसारख्या जाडीने पसरायचे, वर दुसरं लुगडं घालायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मग आधी मोठे कच्चे टाके आणि त्यानंतर धावदोऱ्याच्या ओळी. काही घरांत या ओळी सरळ उभ्या घालत, काही घरांत कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत मध्यापर्यंत येत. जाड थरातून सुई काढायला बळ लागतं, म्हणून दाभण वापरत आणि कामाला दोघी-तिघी बसत. सासू, सून, शेजारीण अशा तीन बाजूंनी तीन हात चालले की गोधडी लवकर उतरे. इगतपुरीच्या दमट, गार हवेत एक गोधडी पुरत नाही. अंथरायला वेगळी, पांघरायला वेगळी. जुनी गोधडी विरली की तिच्यावर नवं लुगडं चढवून पुन्हा टाके घालत, म्हणजे घरातल्या तीन पिढ्यांचे कपडे एकाच गोधडीत सापडत. नवरात्राच्या आधी ही सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन धुवायची रीत महाराष्ट्रभर आहे, आणि डांगात त्या दिवसांत ऊन मिळवणं हेच मोठं काम असे.

ही कला एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कौद्या, सिंधची रल्ली या सगळ्या जुनं सुती कापड आणि धावदोरा यांवरच उभ्या आहेत. मराठी मनात गोधडीला वेगळा मान मिळाला तो गाडगेबाबांमुळे. ठिगळांचे कपडे अंगावर घालून गावोगाव हिंडणाऱ्या या संताला लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. १९५६ साली ते गेले. नाशिकला त्यांनी उभारलेली धर्मशाळा आजही आहे. ज्यांच्या अंगावर चिंध्या होत्या त्यांनी लाखोंच्या निवाऱ्याची सोय केली, हे पाहिलेल्या पिढीला ठिगळाची लाज वाटली नाही.

दुसऱ्या महायुद्धात ही काटकसर सगळ्याच थरांवर आली. लष्करासाठी कापड वळवलं गेलं, भाव भडकले, आणि १९४३ मध्ये सरकारला कापड व सुतावर नियंत्रण आणावं लागलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सरकार पुस्तिका छापून गृहिणींना जुने कपडे दुरुस्त कसे करावेत हे शिकवत होतं. डांगातल्या बायकांना असं पुस्तक कोणी दिलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. त्यांच्याकडे गाठोडी तयार होती.

इगतपुरी गावातल्या, रेल्वेच्या चाळींतल्या आणि क्वार्टरांतल्या घरांची गोष्ट थोडी निराळी. तिथे पडवी नव्हती. दोन खोल्या आणि एक खिडकी होती. त्या खिडकीखाली शिलाई मशीन आलं आणि तीच घराची कामाची जागा झाली. मशीनचा खण म्हणजे बटणं, हुक, रिळं, खडू यांचा साठा. शिंप्याकडची कातरणं मागून आणायची, त्यांच्या उशा आणि पिशव्या शिवायच्या. पहिलटकरणीसाठी बाळंतविडा घरीच होई. दुपटी, झबली, लंगोट, टोपरी, कुंची हे सगळं जुन्या धुवट सुती कापडाचं, कारण तान्ह्या अंगाला नवं कापड टोचतं. इथे काटकसर आणि माया यांत फरकच करता येत नाही.

या घरांतल्या मुलींनी आपली कारागिरी लोकांपुढे मांडली ती रुखवतात. लग्नाच्या मांडवात एका बाजूला टेबलांवर मांडलेले लोकरीचे रुमाल, क्रोशाची तोरणं, मण्यांचे गणपती, आगकाड्यांची घरं, सुपारीच्या बाहुल्या. पाहुणे थांबून पाहत, वस्तू कोणी केली ते विचारत. शिवण-भरतकाम हे बायकांना स्वावलंबी करणारं कौशल्य आहे, ही भूमिका रमाबाई रानडे यांनी १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनातून मांडली होती. पुढे शाळांनीही हे उचललं. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि महाराष्ट्राच्या शाळांत कार्यानुभवाचा तास आला. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही स्पर्धा त्यानंतर प्रत्येक मराठी मुलाच्या वाट्याला आली. शेजारच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परदेशी महागडी साधनं बाजूला ठेवली आणि शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांची साधनं केली. आदिवासी पाड्यावरचं मूल जे रोज हाताळतं त्याच वस्तूंतून त्याला शिकवलं. घरच्या कारागिरीचा याहून मोठा गौरव महाराष्ट्रात झालेला नाही.

मग ही परंपरा ओसरली कशी? आधी प्लास्टिक आलं. इरल्यातल्या पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद बसला, आणि नंतर कामट्याही गेल्या. आवणीच्या दिवसांत आता शेतात निळे-पिवळे कागद पांघरलेल्या बायका दिसतात. हे स्वस्त आहे, बांधायला वेळ लागत नाही, आणि दिवसभर राबणाऱ्या बाईला यात दोष देता येणार नाही. सुती लुगड्याच्या जागी कृत्रिम धाग्याची साडी आली. ती विरत नाही, घाम शोषत नाही आणि थर दिले तर घसरते, त्यामुळे तिची गोधडी तितकी ऊबदार होत नाही. बाजारात ब्लँकेट स्वस्त झालं. हे सगळं समजण्यासारखं आहे.

एक नुकसान मात्र टाळता येण्यासारखं आहे, ते म्हणजे जागेचं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. पक्कं घर ही डांगातल्या कुटुंबाची हक्काची गरज आहे, आणि गळणाऱ्या छपराखाली चार महिने काढलेल्या माणसाला सिमेंटच्या भिंतीचं मोल सांगावं लागत नाही. तरीही चार भिंतींच्या या खोलीत बांबू तासायला, गोधडी पसरायला, पत्रावळी टाचत गप्पा मारायला जागा उरत नाही. गोधडी जमिनीवर पूर्ण पसरल्याशिवाय घालताच येत नाही. जागा गेली की काम जातं, आणि काम गेलं की म्हातारीकडून नातीकडे जाणारी सुईची ओळखही तुटते.

गोधडीला आज पुन्हा गिऱ्हाईक मिळतं आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचं ‘उमेद’ अभियान यांनी बांधलेले बचत गट हाताने केलेल्या वस्तू विकतात. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत शहरातली माणसं त्या आवडीने घेतात. हात अजून शाबूत आहेत, मागणीही आहे. इगतपुरी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी घरकुलांसाठी जोत्याची आखणी करताना पुढे सहा फुटांची पडवी धरावी, छप्पर तेवढं पुढे घ्यावं आणि जिथे घरात ते शक्य नाही तिथे समाजमंदिराची ओसरी दुपारी बायकांच्या कामासाठी खुली ठेवावी. यासाठी नवी योजना लागत नाही, थोडे पत्रे आणि चार खांब लागतात.