तुमसर रोड जंक्शन

महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन. मुंबई–हावडा मार्गावर, नागपूरच्या पूर्वेस सुमारे 80 किमी. नाव तुमसरचे असले, तरी स्थानक देव्हाडी गावात आहे. तुमसर शहर तेथून काही किलोमीटर उत्तरेला. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाचीही तीच तऱ्हा : भंडाऱ्याचे स्थानक वरठीला आहे.

हा लोहमार्ग 1880च्या सुमारास नागपूर–छत्तीसगड रेल्वेने मीटरगेजवर टाकला. छत्तीसगडचे धान्य नागपूरच्या बाजारात आणणे, हा त्याचा मुख्य हेतू. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने तो घेतला, ब्रॉडगेज केला आणि पूर्वेकडे वाढवत नेला. 1955 पासून तो दक्षिण पूर्व रेल्वेकडे होता, 2003 पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आहे.

देव्हाडीला जंक्शनचा मान मिळाला तो मात्र मँगनीजमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातील हे खनिज युरोप-अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांसाठी बंदरांकडे जाऊ लागले आणि ते आणण्यासाठी उत्तरेकडे तिरोडीपर्यंत (आता मध्य प्रदेशात) शाखा निघाली. तुमसर टाऊन, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग ही तिच्यावरील स्थानके. गोबरवाहीजवळच्या चिखला खाणीत भूमिगत खोदकाम चालते. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी असून तेथील डायऑक्साइड खनिज कोरड्या बॅटऱ्यांसाठी नावाजलेले आहे. दोन्ही खाणी ‘मॉइल’ या सरकारी कंपनीच्या आहेत. मँगनीज इतके जड, की वाघीण अर्धीमुर्धी रिकामी दिसत असतानाच तिची वजनाची मर्यादा संपते. नवख्याला वाटावे, माल भरायचा राहूनच गेला. शाखेवर प्रवासी गाड्याही धावतात. पण तिचा जन्म प्रवाशांसाठी झालेला नाही, हे तिच्या वेळापत्रकावरून आजही कळते.

मुख्य मार्ग पश्चिमेकडे कोका, भंडारा रोड असा नागपूरकडे जातो. पूर्वेकडे माडगीजवळ वैनगंगा ओलांडून मुंडीकोटा, तिरोडामार्गे गोंदियाला पोहोचतो. माडगीला नदीपात्रातील खडकावर नृसिंहाचे मंदिर असून कार्तिकात तेथे यात्रा भरते. कोळसा, पोलाद आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांची या मार्गावर सतत वर्दळ असते. त्यामुळे देव्हाडीच्या फाटकावरची खोळंबलेली रांग हे परिसराचे जुने दुखणे. त्यावरील उड्डाणपुलाचे कामही वर्षानुवर्षे रेंगाळले. तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ असल्याने खनिजाइतकाच तांदळाशीही या स्थानकाचा संबंध आहे.

विदर्भ आणि महाराष्ट्र एक्सप्रेस येथे थांबतात. शहराच्या अधिक जवळचे स्थानक तुमसर टाऊन. पण शाखेवरील गाड्या मोजक्याच असल्याने तुमसरला जाणारे बहुतेक प्रवासी देव्हाडीलाच उतरून ऑटो धरतात.