२३. डेम्लो संख्या

देवळालीचे शाळामास्तर व गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ठरवलेला संख्यांचा एक प्रकार. या संख्यांची कल्पना त्यांना सुचली ते जी. आय. पी. रेल्वेवरचे डेम्लो स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. ही टीप ज्या पत्रावर आहे त्यातली सतरा आकडी डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही १११११११११ चा (नऊ एकांचा) वर्ग आहे. पत्रलेखक तिला ‘जादूची’ म्हणतो, पण गुणाकार कागदावर मांडला की जादू उलगडते: मधल्या रकान्यात नऊच एके येतात, त्यामुळे हातचा कुठेच उरत नाही. दहा एकांचा वर्ग करताना हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी वेडीवाकडी संख्या मिळते. ती उलटसुलट सारखी वाचता येत नाही.

पत्रातल्या सतरा आकडी संख्येचे मूळ अवयव: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने संख्येला निःशेष भाग जातो. म्हणजे कापरेकरांच्याच दुसऱ्या वर्गीकरणानुसार ती हर्षद संख्याही ठरते. पत्रात पुढे येणारा ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ मात्र वेगळा. त्याचा डेम्लोशी संबंध नाही. — संपा.