वीजबिल किती येईल?

पुण्यात फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा सेल्स ऑफिसच्या भिंतीवर हिरवं पान आणि त्याखाली 'प्लॅटिनम प्री-सर्टिफाइड' अशी पाटी होती. सोबत बाबा होते. तिथल्या मुलीने सोलर, पर्जन्यजल, कमी वासाचे रंग असं सगळं सांगून झाल्यावर बाबांनी एकच विचारलं, "मग वीजबिल किती येईल?" ती म्हणाली, "काका, ते तुमच्या वापरावर आहे." बाबा गप्प बसले. वीस वर्षांचं कर्ज मी काढणार होतो, त्यामुळे मला ते जमलं नाही. घरी येऊन वाचत सुटलो, आणि बाबांचा प्रश्न या सर्टिफिकेटांच्या इतिहासात पहिल्यापासून घुटमळताना दिसला.

इमारतींना पर्यावरणासाठी गुण देण्याची रीत १९९० साली ब्रिटनमध्ये सुरू झाली. बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या तेव्हाच्या सरकारी संस्थेने 'ब्रीम' ही पद्धत आणली, तीही आधी नव्या ऑफिसांसाठी. १९९३ मध्ये अमेरिकेत ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली आणि १९९८ मध्ये तिने 'लीड' प्रायोगिक स्वरूपात आणली. २००० सालच्या आवृत्तीत एकूण गुण ६९. ऊर्जाबचतीला जास्तीत जास्त १०, तेही कॉम्प्युटरवरच्या मॉडेलवरून. सायकल स्टँडची सोय केली की १. (सायकल चालवलीच पाहिजे असं नाही.)

मी कोड लिहितो, त्यामुळे हे ओळखीचं वाटलं. सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात आणि रात्री दोनला फोन वाजतो.

गंमत म्हणजे त्याच १९९० साली जर्मनीत डार्मश्टाट इथे चार जोडघरांचं काम सुरू झालं. वोल्फगांग फाइस्ट हा भौतिकशास्त्रज्ञ आणि स्वीडनचे बो अदमसन यांची ती कल्पना. जाड उष्णतारोधक भिंती, तीन काचांच्या खिडक्या, बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. १९९१ मध्ये फाइस्ट स्वतः कुटुंबासह तिथे राहायला गेला, आणि घरभर बसवलेली मोजमापाची उपकरणं वर्षानुवर्षं चालू राहिली. त्यातून आलेल्या 'पासिव्हहाउस' मानकात गुणांची बेरीज नाही, मोजक्या मर्यादा आहेत. मुख्य म्हणजे घर गरम ठेवायला चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटपेक्षा जास्त लागू नयेत. शिवाय बांधून झालेल्या घराच्या दारात पंखा बसवून हवा किती गळते ते मोजतात. कागद कितीही चांगला असो, फट राहिली असेल तर ती सापडते.

भारतात मात्र गुणांची पद्धत आली. हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये 'लीड प्लॅटिनम' मिळालं. अमेरिकेबाहेरचं ते पहिलं. वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी त्यात अंगण, जाळ्या, वारा थंड करून आत घेणारे मनोरे वापरले. इमारत सुरेखच आहे. मग २००७ मध्ये 'टेरी'ने घडवलेली 'गृह' ही पद्धत सरकारने स्वीकारली आणि २००८ च्या सुमारास आयजीबीसीचं घरांसाठीचं मानांकन आलं.

नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत १२१ 'लीड' इमारतींच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही कौन्सिलच्याच पैशाने. सरासरी बरी होती, पण निम्म्याहून जास्त इमारतींचा वापर अंदाजापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक वर किंवा खाली होता. जॉन स्कोफील्ड या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने सरासरी काढण्याच्या पद्धतीवरही बोट ठेवलं. २०१० मध्ये हेन्री गिफर्ड नावाचा इमारतींच्या यंत्रणांचा सल्लागार थेट कोर्टात गेला. पुढच्या वर्षी दावा फेटाळला गेला.

आपल्याकडे आता या सर्टिफिकेटला बाजारभावही आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकनाला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. म्हणजे बिल्डरला त्याचा फायदा चौरस फुटांत मोजता येतो. राहणाऱ्याचा फायदा महावितरणच्या बिलात शोधायचा.

फ्लॅट घेतला. पश्चिमेची खिडकी मोठी आहे आणि तिच्यावर छज्जा नाही, हे सर्टिफिकेटात कुठे बसतं मला अजून कळलेलं नाही. बाबांनी फ्रिजवर कागद चिकटवलाय. दर एक तारखेला मीटरचा आकडा लिहितात. नोव्हेंबर ते मार्च लिहून झालेत. एप्रिलची रेघ आखून ठेवली आहे.