मनगटातल्या झटक्याचं कूळ

मनगटावर विजेचा झटका बसला, अंगठा आपोआप उडाला आणि पडद्यावरची रेघ उसळली. बोटांना येणाऱ्या मुंग्यांसाठी डॉक्टरांनी नर्व्ह कंडक्शन करायला सांगितलं होतं. झटका आणि उसळी यांच्यात साधारण सव्वाचार मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला, तर मनगटाच्या बोगद्यात मीडियन नस दबलेली.

या तपासणीचं कूळ विचारलं की सगळे 1791 च्या गॅल्व्हानीच्या बेडकाकडे बोट दाखवतात. मला मात्र तिचा एक चुलत धागा तंजावरजवळच्या ओरत्तनाडूला सापडला. तिथलं मुक्तांबाळ छत्र तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचं. छत्रांत वाटसरूला जेवण असेच, शिवाय सुजेवर आणि विषारी दंशावर इलाज करणारा वैद्यही असे, असं राजांच्याच 1801 च्या पत्रात आहे. (सूज! बोगद्यात नस दाबते तीही बहुधा सूजच.) आणि याच राजांच्या ग्रंथालयात एका इंग्रज पाहुण्याने हस्तिदंती सांगाड्याबरोबर विजेचं यंत्रही पाहिलं. गॅल्व्हानीच्या बेडकाची तंगडी पहिल्यांदा उडाली, ती अशाच यंत्राच्या ठिणगीनं!

सरफोजींनी त्या यंत्रानं कुणाचं मनगट तपासलं, असा माझा दावा नाही. पण वैद्यकाचं वेड असलेल्या राजानं ते नुसतं शोभेला ठेवलं असेल, हे माझ्या गळी उतरत नाही.

काही जण आजोबांचा मान फ्रान्सच्या ड्यूशेनला देतात. 1855 साली त्यानं विजेनं एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवला. मला हे मान्य नाही. त्याचा प्रश्न होता, स्नायू हलतो का? आपला प्रश्न आहे, किती वेळानं? तो जर्मनीच्या हेल्महोल्ट्झचा. नसेचा वेग मोजता येणारच नाही, असं त्याच्या गुरूंना, म्युलरना, वाटे. त्यानं 1850 मध्ये बेडकात तो मोजला. पुढे 1867 मध्ये बाक्स्टसह माणसाच्या हातावर प्रयोग केला. नस निवडली मीडियन, आणि पाहिलं काय, तर अंगठ्याच्या मुळाशी फुगणारा स्नायू! म्हणजे जवळजवळ आजचीच मांडणी. मनगटाशी दबलेल्या याच नसेचं वर्णन इंग्रज सर्जन पॅजेटनं त्याआधी, 1854 लाच केलं होतं. तरी दोन्ही टोकं जुळायला 1956 उजाडलं. एडिंबरोच्या सिम्पसननं अशा रोग्यांत मनगटापाशी होणारा उशीर मोजून दाखवला.

माझा उशीर निघाला 5.8 मिलिसेकंद.