रोजगार हमी : कायदा केंद्राचा, भार कोणाचा?

केंद्राने कायद्याने हक्क द्यावा आणि त्याचा खर्च राज्याने सोसावा, हा भारतीय संघराज्यातील जुना वाद आहे. पैनगंगेच्या दक्षिणेकडील आदिलाबाद जिल्ह्यात तो रोजगार हमीच्या रूपाने मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोहोचतो. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००६ मध्ये ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत तेव्हाचा अविभाजित आदिलाबाद होता. (२०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले.)

या कल्पनेचे मूळ महाराष्ट्रातले. वि. स. पागे यांच्या योजनेला १९७७ च्या राज्य कायद्याने वैधानिक रूप मिळाले. त्यासाठी राज्याने व्यवसाय कर बसविला आणि त्याच्या उत्पन्नाइतकी रक्कम स्वतः घालण्याचे बंधन पत्करले. हक्क देणारा आणि पैसा उभारणारा तेथे एकच होता. त्या व्यवस्थेचे खरे बळ यातच होते.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने खर्चाची वाटणी केली. अकुशल कामाची संपूर्ण मजुरी आणि साहित्याचा तीन चतुर्थांशापर्यंतचा खर्च केंद्राकडे, तर साहित्याचा उर्वरित भाग राज्याकडे आला. मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास द्यावयाचा बेकारभत्ताही राज्याच्याच माथी होता. ही रचना विचारपूर्वक केलेली होती. काम दिले तर मजुरी केंद्राची, न दिले तर भत्ता राज्याचा. म्हणजे काम काढण्यातच राज्याचे हित.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘विकसित भारत’ रोजगार व आजीविका हमी कायद्याने हे गणित उलटले. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण तेलंगणासारख्या राज्यांसाठी मजुरीसह खर्चाचे प्रमाण ६०:४० ठरले. शिवाय प्रत्येक राज्याचा नियतव्यय केंद्र ठरविणार आणि त्यापुढचा खर्च राज्याने करावयाचा. जुन्या कायद्यात बेकारभत्ता पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश होता. तोच किमान दर धरला, तर १०० रुपयांच्या मजुरीत काम देणाऱ्या राज्याला ४० रुपये पडतील आणि न देणाऱ्याला २५. वाढीव दिवस कागदावर राहण्याची भीती निराधार नाही, ती यामुळेच.

आदिलाबादेत याचा अर्थ गंभीर आहे. कापसाची वेचणी संपली की कोरडवाहू गावांत शेतकाम उरत नाही. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांतील गोंड, कोलाम व परधान कुटुंबांना उन्हाळ्यात जवळपासचे आधाराचे काम म्हणजे हमीचेच. तरीही खर्चाचे प्रमाण जिल्हा पाहून ठरत नाही, राज्य पाहून ठरते. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांना ९०:१० ची सवलत आहे; उटनूरचा डोंगर मात्र हैदराबादच्या उत्पन्नाशी एकाच हिशेबात बांधला गेला आहे.

वस्तुतः अशा प्रदेशांसाठी संविधानात वेगळी तरतूद आहे. उटनूर परिसर पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अनुच्छेद २७५(१) च्या पहिल्या परंतुकानुसार अनुसूचित जमातींच्या कल्याणाच्या, तसेच अशा क्षेत्रांचे प्रशासन राज्याच्या इतर भागांच्या पातळीवर आणण्याच्या योजनांसाठी लागणारा भांडवली व आवर्ती पैसा भारताच्या संचित निधीतून द्यावयाचा आहे. अट एकच : योजनेस केंद्राची मान्यता हवी. अनुसूचित क्षेत्रांतील मजुरीचा राज्याचा ४० टक्के वाटा या परंतुकाखाली मागण्याचा मार्ग तेलंगणाला खुला आहे; मान्यतेची किल्ली मात्र दिल्लीकडे आहे.