केरळ पाहण्यापूर्वी

केरळला जायचे ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो दिवसांचा. सहा दिवस आहेत, त्यात काय काय बसेल? कोची, मुन्नार, तेक्कडी, आलप्पुळा, कोवलम आणि जमलेच तर कन्याकुमारी. यादी होते, यादीला गाडी जोडली जाते, गाडीला हॉटेले जोडली जातात आणि आखणी झाली असे आपण म्हणतो. माझी पहिली केरळ-सहल मी अशीच आखली होती. परतल्यावर वहीत वेळा मांडून पाहिल्या. जागेपणीचा तिसरा हिस्सा गाडीत गेला होता, आणि बरोबर आलेल्या आईने सबंध सहलीत एकही संध्याकाळ एका जागी शांत बसून काढली नव्हती. चूक गाडीची नव्हती, ड्रायव्हरचीही नव्हती. जो प्रदेश पाहायला निघालो होतो, त्याची घडण मी समजून घेतलेली नव्हती.

हे पुस्तक त्या घडणीपासून सुरू होते. सहलीची आखणी हे सहल कंपन्यांचे काम, असा आपला समज आहे. वास्तविक तिच्यात भूगोल आहे, पंचांग आहे, इतिहास आहे, आणि दुसऱ्याच्या घरी कसे वागावे याचे भानही आहे. म्हणून तिचा अभ्यास करता येतो, आणि तो करताना प्रवास सुरू होण्याआधीच आनंद मिळू लागतो. चारचौघे किंवा एखादे कुटुंब स्वतःच्या सोयीने, स्वतंत्र गाडीने निघते, तेव्हा कुठे थांबायचे आणि काय सोडायचे हे त्यांच्याच हाती असते. ते स्वातंत्र्य नीट वापरता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. या अभ्यासात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत आहे.

आधी जमीन पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या पायावर झालेले हे राज्य म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली अरुंद पट्टी. कोकण पाहिलेल्याला हे चित्र ओळखीचे वाटते, पण एक मोठा फरक आहे. केरळच्या कितीतरी नद्या थेट समुद्राला मिळत नाहीत. वाळूच्या बांधामागे पसरलेल्या खाजण-सरोवरांत त्या आधी विसावतात. या सरोवरांना मल्याळममध्ये कायल म्हणतात. राज्यात ४४ नद्या आहेत. त्यांतल्या ४१ पश्चिमेला वाहतात आणि फक्त तीन पूर्वेला. महामार्ग आणि लोहमार्ग उत्तर-दक्षिण धावतात, म्हणून आपणही तसेच धावतो. पण मिरी, वेलची, लाकूड, भात, माणसे आणि देवाच्या यात्रा शतकानुशतके डोंगरातून समुद्राकडे आणि समुद्रातून डोंगराकडे गेल्या. माझे सांगणे एवढेच, की एका सहलीत एक नदी धरावी.

पेरियारचे उदाहरण घेऊ. पेरिय म्हणजे मोठी, आर् म्हणजे नदी. लांबी २४४ किलोमीटर, राज्यातली सर्वांत लांब. तेक्कडीला आपण ज्या तलावात बोटीने फिरतो, तो तलाव म्हणजे १८९५ साली पुऱ्या झालेल्या मुल्लपेरियार धरणामागे अडलेले हिचेच पाणी. पहाटेच्या बोटीत बसलात तर पाण्यातून वर आलेले काळे बुंधे जवळून पाहा. धरणात बुडालेल्या जंगलाची ती झाडे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही उभी आहेत, आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात. याच तलावाचे पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे तमिळनाडूच्या वैगई खोऱ्यात जाते. या धरणावरचा दोन राज्यांतला जुना वाद समजून घ्यायला एवढे एक दृश्य पुरते.

तिथून खाली वेलचीचे मळे, मग कुरवन आणि कुरत्ती या दोन टेकड्यांच्या मध्ये बांधलेली इडुक्की धरणाची सुमारे १६९ मीटर उंच कमान. मुन्नार या खोऱ्याबाहेरचे वाटते, पण नाही. मून्नु म्हणजे तीन आणि आर् म्हणजे नदी. तीन प्रवाहांच्या संगमावरून हे नाव पडले, आणि तिथली मुतिरप्पुळा शेवटी पेरियारलाच मिळते. अजून खाली तट्टेक्काडचे पक्षी अभयारण्य आहे. मुंबईच्या सालिम अलींनी १९३०च्या दशकात त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा या जंगलाने त्यांना भारावून टाकले होते. १९८३ साली झालेल्या या अभयारण्याला त्यांचेच नाव आहे. नंतर काठावर येते आद्य शंकराचार्यांची कालडी, आणि शिवरात्रीला वाळवंटात माणसांचा पूर लोटणारे आलुवा.

मुखाशी तर इतिहासाचा थर इतका जाड आहे की दोन दिवस कमी पडतात. रोमन जगाशी व्यापार करणारे मुझिरिस बंदर इथलेच. कोडुंगल्लूरजवळ पट्टणम् येथे २००७ पासून उत्खनन झाले आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे निघाली. पट्टणम् म्हणजेच मुझिरिस का, यावर अभ्यासकांत दुमत आहे, आणि वाचकाने ते दुमत बरोबर घेऊनच तिथे जावे. १३४१च्या महापुराने जुन्या बंदराचे मुख गाळाने भरले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, अशी इतिहासकारांची मांडणी आहे. म्हणजे आपण ज्या कोचीत उतरतो, ते शहरसुद्धा या नदीच्या एका उलथापालथीतून वर आले. ऑगस्ट २०१८च्या पुरात कोचीचा नेडुंबाशेरी येथील विमानतळ दोन आठवडे बंद राहिला, तेव्हा नदीने आपली वाट पुन्हा दाखवून दिली.

कोचीतली एक गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवी. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापवला. इट्टी अच्युदन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी भाषक पंडित त्या कामात होते. त्यांचे १६७५ सालचे कोंकणीतले प्रमाणपत्र पहिल्याच खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. मट्टांचेरीच्या गल्ल्यांत आजही कोंकणी कानी पडते. गोव्याहून दक्षिणेला गेलेल्या या समाजाच्या वस्तीत अर्धा दिवस घालवावा, असा माझा आग्रह आहे.

जमिनीनंतर पंचांग. केरळचा कोल्लम शक इ. स. ८२५ पासून चालतो आणि तिथले शेतकरी, देवस्थाने व कलावंत त्याच्याच महिन्यांनी बोलतात. आपण मात्र शाळांच्या सुट्ट्यांनी बोलतो. आपली दिवाळीची सुट्टी बहुधा त्यांच्या तुलाम महिन्यात पडते. तेव्हा परतीचा पाऊस, तुलावर्षम्, येतो आणि दुपारनंतर विजांचा कडकडाट होतो. म्हणून दिवाळीत निघणाऱ्यांनी बोट आणि डोंगर सकाळी ठेवावेत, संग्रहालय आणि बाजार दुपारी. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेच्या यात्रेकरूंनी तेक्कडीजवळच्या कुमळीकडचे आणि कोट्टयमकडचे रस्ते भरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुन्नारजवळचे एरविकुलम उद्यान बंद असते, कारण निलगिरी ताहर या डोंगरी शेळीच्या विणीचा तो काळ. त्रिशूरचे पूरम मेडम महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. ओणम चिंगममध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जूनमधला पाऊस पाहण्यासारखा खराच, पण तो किनाऱ्यावरून पाहावा. घाटात दरडी कोसळतात. ३० जुलै २०२४ला वायनाडमध्ये दरडी कोसळून जे घडले त्यानंतर हवामान खात्याच्या इशाऱ्याकडे कुणीही काणाडोळा करू नये.

अंतराचे मापही बदलावे लागते. कोचीहून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर, पण चार तास धरा, तेक्कडीला पाच. वस्ती कुठे संपत नाही, रस्ता कधी मोकळा होत नाही. दिवसात तीन तासांहून अधिक गाडी नको, हा नियम मी आता मोडत नाही; लांबचा टप्पा वाटेत मुक्काम करून तोडतो. ड्रायव्हरच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय कुठे आहे, हे हॉटेल ठरवतानाच विचारावे. त्याला ‘चेट्टा’, म्हणजे दादा, अशी हाक मारावी. सहलभर तोच आपला वाटाड्या असतो.

हाउसबोटीबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, म्हणून थोडे विस्ताराने. तिचे मूळ केट्टुवळ्ळम् हे भाताची पोती वाहणारे गलबत. फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नसतात, काथ्याने शिवलेल्या असतात. सांध्यांवरून हात फिरवला की टाके बोटाला लागतात. ती बोट दुपारी निघते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला काठाला लागते, कारण त्यानंतर पाणी मासेमारांच्या जाळ्यांचे. म्हणजे पूर्ण रात्रीचे पैसे देऊन फिरणे मिळते ते पाच तासांचे. हौस म्हणून एकदा जरूर करावी. पण कुट्टनाड हा भातशेतीचा प्रदेश पाहायचा असेल तर राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या प्रवासी बोटीने आलप्पुळाहून निघावे. समोर सुकाणूवर सारंग बसलेला असतो, आपल्या कोकणातला तोच शब्द, तिथे त्याला स्रांक म्हणतात. तो दोरी ओढतो, आत इंजिनाशी घंटा वाजते, बोट धक्क्याला टेकते. तांदळाची पिशवी घेतलेली बाई उतरते, दप्तर पाठीला लावलेली मुले चढतात. बांधापलीकडे पाहिले तर शेत आपल्या बोटीपेक्षा खाली दिसते. समुद्रसपाटीच्या खाली पिकणारा हा भात. पाणी उपसून टाकायचे, बांध सांभाळायचा आणि मग पेरायचे. जानेवारीत ही शेते हिरवी असतात, मार्चमध्ये पिवळी.

नावांबाबत एक विनंती. इंग्रजी स्पेलिंगवरून आपण आलप्पुझा, कोझिकोड म्हणतो. मूळ उच्चार ‘झ’ नाही. मल्याळममधला तो खास वर्ण मराठीत नाही, पण आपला ‘ळ’ त्याच्या बराच जवळ जातो. म्हणून या पुस्तकात आलप्पुळा आणि कोळिकोड असेच लिहिले आहे. पुळा म्हणजे नदी, कुळम् म्हणजे तळे, काड म्हणजे रान. एवढे तीन शब्द पाठ असले की नकाशाच बोलू लागतो.

उत्तर मलबारात जाणाऱ्यांसाठी तेय्यमवर स्वतंत्र प्रकरण आहे. ऑक्टोबर अखेरीपासून मे अखेरीपर्यंत गावोगावच्या देवराईंत तो होतो, बहुधा रात्री आणि पहाटे. तिथे माणसाच्या अंगात देव येतो आणि गावकरी त्याच्यापुढे आपले दुःख मांडतात. मोबाइल वर करण्याआधी शेजारच्याला विचारा. देवळांचेही नियम कडक आहेत. अनेक ठिकाणी पुरुषांना मुंडू, म्हणजे धोतर, नेसून उघड्या अंगाने जावे लागते. दुपारी गाभारे बंद असतात. गुरुवायूरला अन्य धर्मीयांना प्रवेश नाही, तेव्हा सोबत तसे कुणी असेल तर त्यांना दारात ताटकळत ठेवू नये. तो दिवसच वेगळा आखावा.

पुढच्या प्रकरणांत नद्यांनुसार नऊ आखण्या दिल्या आहेत. त्या जशाच्या तशा उचलू नका. आधी केरळचा एक मोठा नकाशा घ्या, टेबलावर पसरा, आणि कोणतेही हॉटेल ठरवण्यापूर्वी एका नदीवर उगमापासून मुखापर्यंत पेन्सिल फिरवा. मुक्कामाच्या खुणा त्यानंतर करा.